विजया आणि अग्नी

कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविणाऱ्या विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी या आयरिश वैद्याने इ.स. 1839 मध्ये भांगेच्या झाडाविषयी जो प्रबंध विद्वानांपुढे ठेविला, त्यात अमीर नावाच्या एका इसमाची हकीकत आली आहे. हा अमीर कलकत्त्यातील एका नामांकित भांगखान्याचा मालक होता आणि माजूम, म्हणजे भांगेची गोड वडी, करण्याच्या कामी त्याच्या तोडीचा कारागीर त्या शहरात दुसरा नाही अशी त्याची ख्याती होती. ओ'शॉनेसीने त्याच्याकडून आपल्या डोळ्यांदेखत ती कृती अनेक वेळा करवून घेतली आणि तिचा तपशील पंचनाम्याच्या काटेकोरपणाने नोंदून ठेविला. भांगेची सुकी पाने आणि तूप मातीच्या किंवा चांगल्या कल्हईच्या भांड्यात घालून, वर पाणी ओतून, ते भांडे कोळशाच्या विस्तवावर ठेवीत आणि आतील मिश्रण सारखे ढवळीत राहत. पाणी पुरते आटल्याची खूण म्हणजे भांड्याच्या कडेने तुपाचा उठणारा तडतड आवाज. तो कानी पडताच भांडे उतरवावयाचे आणि ऊन असतानाच सारे फडक्यातून पिळून घेऊन चोथा टाकून द्यावयाचा. मग ते हिरवे तूप गोठले, की पाणी रंगीत येईनासे होईपर्यंत हाताने धुवावयाचे. हे धुवण पोटात गेल्यास घसा आवळतो आणि भलत्याच व्यथा होतात, असे अमीरचे म्हणणे होते. तेही ओ'शॉनेसीने इमानाने टिपून ठेविले आहे. राहिलेल्या फिकट हिरव्या तुपापासून पुढे साखर व दूध घालून वड्या पाडीत.

या ओ'शॉनेसीचे नाव हिंदुस्थानच्या इतिहासात पुढे निराळ्याच कारणाने राहिले, कारण या देशात तारायंत्राचे जाळे त्यानेच पसरले आणि त्याबद्दल सरकारकडून त्याला सरदारकीचा किताबही मिळाला. तथापि मला त्याच्या तारांपेक्षा अमीरच्या भांड्यातील त्या तडतडीचे मोल अधिक वाटते. कारण भांगेच्या रसायनशास्त्रातील जे मुख्य सूत्र युरोपातील प्रयोगशाळांना सव्वाशे वर्षांनंतर उमगले, त्याचा व्यवहार कलकत्त्यातील हा भांगवाला कानाच्या साक्षीने करीत होता. भांड्यात पाणी आहे तोवर आतील उष्णता शंभर अंशांच्या फारशी वर जाऊ शकत नाही आणि पाने त्या बेताच्या आचेवर बराच वेळ शिजत राहतात. पाणी संपले, की तुपाची उष्णता झपाट्याने चढू लागते, आणि त्या क्षणी भांडे उतरविले नाही तर सारे करपते. पुरेशी उष्णता द्यावयाची, पण अधिक होऊ द्यावयाची नाही, या दोन्ही गोष्टी उष्णतामापकाविना साधण्याची ही युक्ती होती. उष्णता मुळात कशासाठी हवी, हे मात्र अमीरला ठाऊक असण्याचे कारण नव्हते आणि ओ'शॉनेसीलाही ते ठाऊक नव्हते.

ते कारण असे. भांगेच्या मादी झाडाच्या फुलोऱ्यावर आणि त्यालगतच्या लहान पानांवर, भिंगातून पाहिले असता, बारीक देठावर गोल माथा असलेले असंख्य ग्रंथियुक्त केस दिसतात. या माथ्यांच्या पोकळीत जी चिकट राळ साठते, तीच या झाडाची सारी कीर्ती आणि अपकीर्ती. या राळेत मनुष्याच्या चित्तावर परिणाम करणारे जे प्रमुख द्रव्य मानले जाते, त्याचे नाव टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल. रसायनशास्त्रज्ञ सोयीसाठी त्याला टीएचसी म्हणतात. परंतु हिरव्या झाडात हे द्रव्य नाममात्रच असते. झाड जे बनविते ते त्याचे आम्लरूप, टीएचसीए. कॅनाबिजेरॉलिक आम्ल नावाचे एक मूळ आम्ल या राळेत असते आणि झाडातील एक विशिष्ट विकर त्याचे रूपांतर या टीएचसीएत करते. जपानमधील क्यूशू विद्यापीठाच्या संशोधकांनी हे विकर वेगळे काढून 1995 मध्ये हा मार्ग प्रत्यक्ष सिद्ध केला. या आम्लाच्या रेणूला कार्बन आणि ऑक्सिजन यांचा एक लहानसा गट चिकटलेला असतो. तो गट असेपर्यंत हा रेणू मेंदूत फारसा शिरत नाही आणि मेंदूतील ज्या ग्राहकस्थानांवर टीएचसी जाऊन बसते तेथेही नीट बसत नाही. ताजी हिरवी पाने कोणी मूठभर चावून खाल्ली तर तोंड कडवट होईल, कदाचित पोटही बिघडेल. परंतु कैफ चढण्याचा संभव अल्प.

उष्णता लागली, की तो गट कार्बन डायॉक्साइड वायूच्या रूपाने रेणूपासून सुटून हवेत निघून जातो आणि मागे राहते ते टीएचसी. या क्रियेला डीकार्बॉक्सिलेशन म्हणतात. तिचा हिशोब तोळामासाच्या तराजूला साजेल इतका नेमका आहे: आम्लाचा रेणुभार सुमारे 358, त्यातून 44 भाराचा वायू गेला, की उरतो 314. म्हणजे शंभर भाग आम्ल पूर्णपणे बदलले तर सुमारे 87.7 भाग टीएचसी हाती येते. प्रयोगशाळांच्या अहवालांत 0.877 हा जो गुणक नेहमी आढळतो तो याच वजाबाकीतून आलेला आहे. वजन घटते आणि जोर मात्र वाढतो, ही गोष्ट जुन्या आबकारी दारोग्याला सांगितली असती तर त्याने सांगणाऱ्याच्या शुद्धीविषयीच शंका घेतली असती. हिंग कच्चा चघळला तर उग्र व कडू लागतो आणि तुपाच्या फोडणीत फुलला म्हणजेच त्याचा खरा गुण प्रकट होतो, हे आपल्या घरांतील बायकांना सांगावे लागत नाही. भांगेचा न्याय पुष्कळसा त्याच जातीचा आहे.

हे रूपांतर एकाच ठरावीक अंशावर एकाएकी घडून येते असे मात्र नाही. ते नेहमीच्या हवामानातही चालू असते, फक्त अत्यंत मंद गतीने. झाड कापून वाळविले, पोत्यात भरले, कोठारात ठेविले, तरी दिवसागणिक थोडे थोडे आम्ल पालटत राहते. शंभर अंशांच्या आसपास ही गती डोळ्यांत भरण्याजोगी होते आणि त्याच्या वर झपाट्याने वाढते. दुसऱ्या बाजूने, जे टीएचसी तयार होते तेही चिरंजीव नसते. अधिक उष्णतेत त्याचा काही अंश वाफ होऊन उडून जातो, आणि हवा व प्रकाश यांच्या संसर्गाने त्याचे कॅनाबिनॉल नावाच्या दुसऱ्या, पुष्कळच दुबळ्या द्रव्यात रूपांतर होत जाते. गांजाचा जोर साठवणीत ओसरतो आणि काही वर्षांचा माल कवडीमोल होतो, ही तक्रार मक्तेदारांच्या आणि आबकारी खात्याच्या दप्तरांत एकोणिसाव्या शतकापासून आढळते, तिचे मूळ येथे आहे. एकाच पोत्यात एकाच वेळी एक द्रव्य जन्मास येत असते आणि दुसरीकडे तेच नाशही पावत असते. पोते उघडण्याच्या दिवशी या दोहोंपैकी कोण पुढे गेले आहे, यावर मालाचा कस ठरतो.

आता प्रश्न असा, की इतकी साधी गोष्ट रसायनशास्त्रज्ञांच्या ध्यानात यावयास इतका विलंब का लागला? मला त्याचे उत्तर मोठे गमतीचे वाटते. केंब्रिज येथे वुड, स्पायवी आणि ईस्टरफील्ड या तिघांनी चरसावर काम करून 1896 मध्ये त्यातील तांबूस तेलाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि कॅनाबिनॉल हे नाव त्यातून रूढ झाले. पुढे 1940 च्या सुमारास अमेरिकेत रॉजर ॲडम्स आणि इंग्लंडात अलेक्झांडर टॉड, जे पुढे 1957 मध्ये दुसऱ्याच कामासाठी नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले, यांनी या झाडातील द्रव्यांची रचना उकलण्यात पुष्कळ मजल मारली. परंतु त्या काळी एखाद्या राळेतून शुद्ध द्रव्य काढावयाचे म्हणजे ती तापवून, तिची वाफ करून, वाफ पुन्हा थंड करावयाची, हाच राजमार्ग होता. अर्थात ज्या आम्लाचा शोध लागावयाचा ते संशोधकांच्या स्वतःच्याच भट्टीत नाहीसे होत होते आणि चंबूत उतरत होते ते अग्नीने पालटलेले द्रव्य. अमीर आपल्या भांड्यात हेतुपुरस्सर जे करीत होता, तेच हे पंडित नकळत करीत होते.

टीएचसी शुद्ध रूपात हाती लागून त्याची रचना निश्चित झाली ती 1964 मध्ये, इस्राएलमध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांच्या हातून. या शोधासाठी लागलेला माल मेशुलाम यांनी पोलिसांकडून मिळविला होता. जप्त केलेला पाच किलो लेबनानी चरस पिशवीत घालून ते सार्वजनिक बसने रेहोवोतच्या वाइझमन संस्थेकडे निघाले तेव्हा उतारूंनी वासाविषयी कुजबूज केली, हे त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा हसत सांगितले. दुसऱ्याच वर्षी, 1965 मध्ये, जर्मनीतील फ्रिडहेल्म कोर्टे यांच्या प्रयोगशाळेने मूळच्या आम्लाची ओळख पटवून दिली, आणि झाड काय बनविते व अग्नी काय बनवितो यांतील भेद तेव्हा प्रथम कागदावर स्पष्ट झाला. तरीही हे घोटाळे एकदम संपले नाहीत. पुढे पृथक्करणासाठी जी गॅस क्रोमॅटोग्राफी प्रयोगशाळांतून सर्रास वापरात आली, तिच्या यंत्राच्या मुखाशीच नमुना इतका तापतो, की सारे आम्ल तेथेच पालटून जाते. यंत्र मग झाडात जे नव्हते तेच झाडात होते म्हणून साक्ष देते. आम्ल आणि त्यापासून झालेले द्रव्य यांची निरनिराळी मोजदाद हवी असेल, तर नमुना न तापविता द्रवाच्या प्रवाहातून त्याची छाननी करणारी निराळी पद्धत वापरावी लागते.

हा भेद एकदा ध्यानी आला, की गांजा, चरस आणि भांग या आपल्या जुन्या त्रयीकडे पाहण्याची दृष्टी पालटते. गांजा म्हणजे मादी झाडाचा वाळविलेला फुलोरा. परागण होऊन बी धरले, की राळ घटते, म्हणून नर झाडे वेळीच ओळखून उपटून टाकावी लागतात, आणि बंगालच्या नौगाव परगण्यात या एकाच कामासाठी पारखी माणसे शेतोशेती फिरत असत. आपल्याकडे अहमदनगर जिल्ह्याचा आणि पलीकडे निमाडात खांडव्याच्या भागातील गांजा प्रसिद्ध होता. चरस म्हणजे नुसती राळ. तो लडाखच्या वाटेने यारकंदहून पंजाबात उतरे, आणि लेह येथे त्याची रीतसर नोंद होऊन पुढे त्यावर जकात बसे. या दोन्ही वस्तू ओढण्याच्या. गांजा प्रथम पाण्याने भिजवून तळहातावर अंगठ्याने मळावयाचा, त्यात तंबाखू मिसळावयाची, चिलमीच्या मुखाशी ओली साफी गुंडाळावयाची आणि वर निखारा ठेवावयाचा. राळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून मळताना पाणी निथळून गेले तरी फारसे काही हरवत नाही. आणि निखाऱ्याची उष्णता कित्येक शे अंशांची असल्यामुळे आम्लाचे रूपांतर व त्याची वाफ या दोन्ही क्रिया क्षणार्धात घडून येतात. ओढणाऱ्याला वेगळी काही तयारी करावी लागत नाही. त्याची भट्टी त्याच्या हातातच असते. यात बराचसा माल नुसता जळून जातो ही गोष्ट निराळी, आणि धुरातील डांबर फुप्फुसात जाते ते त्याहून निराळे.

या तिन्ही वस्तूंविषयी 1893 च्या जुलै महिन्यात सरकारने डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमिले, ज्याने हिंदुस्थानभर फिरून 1193 साक्षीदारांच्या जबान्या घेतल्या आणि सात खंडांचा अहवाल सादर केला. वैद्य, हकीम, मामलेदार, मिशनरी, मक्तेदार, कोणाचीही कैफियत घेण्याचे या कमिशनने बाकी ठेविले नाही. सरकारी चौकशीचा इतका चोख नमुना मला तरी दुसरा ठाऊक नाही. त्यांचा निष्कर्ष असा होता, की बेताच्या सेवनाने फारशी हानी दिसून येत नाही, अतिरेकाने मात्र होते, आणि सरसकट बंदीपेक्षा कर व परवाना यांच्याद्वारे नियंत्रण ठेवणे इष्ट. या अहवालात भांग ही तिघींत सौम्य मानली आहे. भांग सौम्य का, याचे एक कारण उघड आहे, ते म्हणजे ती बहुधा पानांपासून करतात आणि पानांत राळ कमी. परंतु दुसरे कारण अग्नीचे आहे, आणि ते अहवालकारांना दिसण्याजोगे नव्हते.

ओ'शॉनेसीच्याच प्रबंधात भांग घोटण्याची जी दुसरी कृती दिली आहे तीत विस्तवाचा संबंधच नाही. पाने थंड पाण्याने स्वच्छ धुवावयाची, वाटावयाची, त्यात मिरी, काकडीचे व खरबुजाचे बी, साखर, दूध आणि पाणी मिसळून प्यावयाचे. महाशिवरात्रीला किंवा होळीला उत्तरेत जी थंडाई घोटतात ती याच वंशातील. आता येथे वाचक विचारील, की अग्नीविना नशा नाही असे म्हणता, तर मग ही थंड भांग चढते कशी? उत्तर पोत्यात आहे. उन्हात वाळविलेल्या आणि महिनोनमहिने साठविलेल्या पानांत आम्लाचा काही भाग आपोआप पालटलेला असतो; तेवढाच कार्यकारी होतो, दुधातील स्निग्धांश त्याला विरघळवून घेतो, आणि बाकीचे आम्ल पोटातून जवळजवळ तसेच निघून जाते. काशीसारख्या ठिकाणी पाने वाटण्यापूर्वी पाण्यात उकळून घेतात, त्याने या अंशात थोडी भर पडते. तुपात शिजविलेला माजूम त्याच पानांपासून करूनही पेल्यातील भांगेपेक्षा भारी पडतो, तो मुख्यतः या फरकामुळे. गोव्यात 1563 साली छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या औषधिसंवादात भांगेचे एक प्रकरणच आहे. गुजरातचा सुलतान बहादुरशहा पोर्तुगीज सेनानी मार्तिम अफोन्सो द सोझाला म्हणाला होता, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान किंवा इराण पाहावेसे वाटले म्हणजे आपण थोडी भांग खातो, असे त्यात नमूद आहे. सुलतानाला इतक्या दूरच्या मुलुखांची सफर घडविणारी भांग नुसत्या थंड पाण्यात घोटलेली नसावी, असा माझा आपला तर्क आहे.

वैद्यांच्या परंपरेतही अग्नीचा हा भाग आढळतो. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात, आणि शार्ङ्गधराने अफूबरोबर तिचा उल्लेख व्यवायी द्रव्यांत, म्हणजे पचनापूर्वीच सर्व शरीरभर पसरणाऱ्या द्रव्यांत केला आहे. तिची गणना उपविषांत होत असल्यामुळे औषधात घालण्यापूर्वी तिचे शोधन करावे लागते: पुरचुंडीत बांधून दोलायंत्रात, म्हणजे भांड्यात लोंबकळत ठेवून, गाईच्या दुधात स्वेदन करणे, पाणी निवळ येईपर्यंत धुणे, वाळवणे आणि शेवटी गाईच्या तुपावर मंद आचेने भाजणे, असे त्याचे निरनिराळे प्रकार आहेत. अमीरचे धुवण आणि वैद्याचे धुवण यांतील साम्य येथे सहज ध्यानात येते. परंतु या ठिकाणी एक सावधगिरी बाळगावीशी वाटते. आमच्या पूर्वजांना डीकार्बॉक्सिलेशन ठाऊक होते, असा जयघोष करणारे लोक आजकाल कमी नाहीत, आणि या साऱ्या खटपटीला अडाणी सोपस्कार ठरविणारेही तितकेच आहेत. शोधनाचा वैद्यांचा उद्देश दोष काढून टाकणे हा होता, जोर वाढविणे हा नव्हता. धुण्याने पाण्यात विरघळणारी द्रव्ये आणि रंग जातात व राळ मागे राहते, तर तुपावर भाजल्याने ती राळ कार्यकारी होते. हेतू एक आणि परिणाम दोन, असा हा प्रकार आहे. अनुभवाने हाती लागलेली कृती बरोबर असू शकते आणि तिची कारणमीमांसा मागाहून येऊ शकते, एवढे मान्य केले तर कोणाचाही मान कमी होत नाही. विजया आजही औषधविषयक नियमांच्या ई-1 या परिशिष्टात विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, आणि ती घातलेली औषधे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाची आहेत.

कायदा मात्र या रसायनशास्त्रापासून चार हात दूरच राहिला. 1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराने आणि त्याला अनुसरून आपल्याकडे 1985 साली झालेल्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजाची व्याख्या झाडाच्या अवयवावरून केली आहे: फुलोरा असेल तर गांजा, फुलोऱ्याविना नुसते पान किंवा बी असेल तर नाही. म्हणूनच उत्तर प्रदेशात भांगेची परवानेवाली दुकाने राजरोस उघडी असतात आणि फुलोऱ्याची पुडी जवळ बाळगणारा गजाआड जातो. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे भांगेलाही परवान्यावाचून थारा नाही. अमेरिकेत याच्या उलट तऱ्हा झाली. तेथे 2018 च्या कृषी कायद्याने झाडातील टीएचसीचे प्रमाण 0.3 टक्क्यांहून अधिक नसेल तर ते हेम्प नावाचे साधे पीक, असा नियम झाला. आणि हिरव्या फुलोऱ्यात टीएचसी नाहीच, केवळ त्याचे आम्ल आहे, या शब्दार्थाचा आधार घेऊन आम्लाने ओतप्रोत भरलेला फुलोरा खुलेआम विकणारे व्यापारी निर्माण झाले. विकत घेणारा घरी जाऊन काडी ओढणार हे सर्वांस ठाऊक होते. पिकाची तपासणी करताना आम्लाचेही टीएचसीत रूपांतर धरून बेरीज करावी, अशी तजवीज तेथील कृषी खात्याला करावी लागली. अवयव पाहणारा आपला कायदा ओबडधोबड खरा, परंतु या एका बाबतीत तो 2018 च्या त्या अमेरिकन कायद्यापेक्षा फसावयास कठीण आहे, असे माझे मत आहे.

आता राहिली खाण्याची गोष्ट, आणि व्यवहाराच्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची. धुरावाटे गेलेले टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोहोचते, त्यामुळे ओढणाऱ्याला आपण किती घेतले याचा अंदाज लगेच येतो. तुपात शिजवून खाल्लेले मात्र पोटातून यकृतात जाते, तेथे त्याचे दुसऱ्या एका तितक्याच जोरकस द्रव्यात रूपांतर होते, आणि अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत काहीच न जाणवता पुढे कित्येक तास त्याचा अंमल राहतो. या मधल्या निवांत काळातच अनर्थ घडतात, कारण नवखा मनुष्य काहीच होत नाही असे म्हणून दुसरी वडी तोंडात टाकतो. प्रमाण एकच असले तरी परिणाम एकच होईल याचीही शाश्वती नाही. मेशुलाम यांच्या पत्नीने एकदा केक केला आणि दहा मित्रांपैकी पाच जणांच्या वाट्याला प्रत्येकी 10 मिलिग्रॅम शुद्ध टीएचसी दिले; त्यांतील एकाची बडबड थांबेना, एकाला हसू आवरेना, तर एक अकारण भयाने व्याकूळ झाला. हे सारे जाणते, स्वेच्छेने बसलेले प्रौढ लोक होते. सणाच्या दिवशी ज्याच्या पेल्यात न सांगता काही मिसळले गेले आहे, किंवा उघड्या डब्यातील वडी ज्या बालकाने मिठाई समजून खाल्ली आहे, त्याची अवस्था याहून फार बिकट होते. लहान मुलांत गाढ गुंगी, श्वास मंदावणे, क्वचित झटके, इथपर्यंत मजल जाते.

असे काही झाल्याचा नुसता संशय आला, तरी लिंबू, ताक, चिंचेचे पाणी या उताऱ्यांत वेळ न दवडता रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे, आणि पोलिसांच्या किंवा लोकलाजेच्या भीतीने काहीएक न लपविता काय खाल्ले, केव्हा खाल्ले आणि ते कच्चे होते की तुपात शिजविलेले, हे डॉक्टरांना स्वच्छ सांगावे.